निळा कप्पा

"बाबा, आता दार उघडता की हॉटेलवाल्याला चावी घेऊन बोलावू?"

"अगं, येतोय की! इथे तरी माणसाला शांतपणे बसू दे."

घड्याळजी बाथरूममध्ये बसले होते हे खरं, पण ज्यासाठी बसायचं ते आटोपून बराच वेळ झाला होता. आता ते कमोडचं झाकण पाडून त्यावर बसले होते आणि मांडीवर बायकोने शिवलेली औषधांची पिशवी उघडी होती. अंगात ताप होता. थोड्या वेळापूर्वी शौचातून रक्त पडलेलं पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हातात गोळ्यांच्या पट्टीचा एक तुकडा होता. त्यातली एक गोळी त्यांनी काल संध्याकाळी लेकीच्या नकळत घेतली होती. आता गुपचूप दुसरी घ्यावी की लेकीला सगळं सांगून टाकावं, हे ठरत नव्हतं. सांगितलं तर हा तुकडा हातातून जाणार, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

परदेशाचा हा प्रवास खरं तर नवराबायकोचा व्हायचा होता. घड्याळजींच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात एका मोठ्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचं चित्र लावलेलं होतं. दुपारी बारा वाजले की त्या घड्याळाच्या दारांतून लाकडी माणसं बाहेर येतात आणि एक म्हातारा हातोड्याने घंटा वाजवतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ते हे ऐकवायचे. घरी बायकोलाही.

"एकदा हे बघायचंय बरं का."

"बघू की. त्यात काय?" ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची. जसं काही ते घड्याळ पुढच्या गल्लीतच होतं.

ती बायकांचे कपडे शिवायची. पासपोर्टचा पत्ता नव्हता तेव्हाच तिने प्रवासाची तयारी म्हणून ही पिशवी शिवली. शिवून उरलेल्या कापडांचे कप्पे केले, प्रत्येकाला एकेक बटण लावलं. लाल कप्पा तापाचा, पिवळा डोकेदुखीचा, हिरवा खरचटण्या-कापण्याचा, निळा पोटाचा.

"तुमचा चष्मा काही जागेवर सापडायचा नाही," ती म्हणाली होती. "रंग तरी दिसेल ना?"

केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात पकडणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे कमालच! घड्याळजी तेव्हा खो खो हसले होते. पण चष्मा खरोखरच सापडायचा नाही.

कप्पे भरायची तिची तऱ्हाही तिच्यासारखीच. धागा उरला की रिळाला गुंडाळायचा, बटण उरलं की डबीत टाकायचं, तशीच गोळी उरली की कप्प्यात. ती आजारी पडली की डॉक्टर पाच दिवसांचं औषध द्यायचे. ही बाई तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर हजर.

"अगं, औषध संपलं नाही अजून."

"बरी झाले की! आता कशाला उगाच पोटात ढकलायच्या? ठेवते. तुम्हाला प्रवासात लागतील."

मग ती कात्रीने पट्टीचा उरलेला तुकडा कापायची. धारदार कोपरे टोचू नयेत म्हणून चारही बाजूंनी गोल करायची, गळ्याचा आकार कापावा तसे. घड्याळजींना तिच्या काटकसरीचं मोठं कौतुक. शेजाऱ्यांना सांगायचे, आमच्याकडे काही वाया जात नाही.

आणि एक दिवस शिवता शिवता तिने मशीनवरच मान टाकली. त्यालाही आता तीन वर्षं होत आली होती, आणि ते घड्याळ दाखवायला लेकच त्यांना इथे घेऊन आली होती.

काल दुपारी हातगाडीवरचं बर्फ घातलेलं सरबत पाहून घड्याळजींना राहवलं नाही. संध्याकाळपर्यंत चार-पाच वेळा पळावं लागलं. लेकीने औषधाच्या दुकानातून मीठ-साखरेची पुडी आणली, बाटलीच्या पाण्यात कालवून पाजली. "ताप नाही, रक्त नाही, तोवर दुसरं काही घ्यायचं नाही," असं तिने बजावलं. घड्याळजींनी मुकाट्याने मान डोलावली. आणि ती आंघोळीला गेल्याबरोबर निळ्या कप्प्याचं बटण काढलं. पोट दुखत होतं म्हणून काढलं हे खरं. पण बायकोने आपल्यासाठी ठेवलेली गोळी आज आपल्या कामाला येतेय, या विचाराने त्यांना किती बरं वाटलं होतं! गोळी गिळताना ती शेजारी पाण्याचा पेला घेऊन उभी आहे असंच वाटलं.

दार उघडलं. लेकीचा चेहरा पाहून त्यांनी एवढंच सांगितलं, "रक्त पडलं गं थोडं."

तिने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि चपला पुढे सरकवल्या.

दवाखाना रस्त्याच्या टोकालाच होता. डॉक्टरीण बाई लेकीच्याच वयाची होती. ती इंग्रजीत विचारायची, लेक त्यांना मराठीत सांगायची. रक्तदाबाची गोळी चालू आहे का? कुठल्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ वगैरे उठलंय का? सगळी उत्तरं झाली.

"बाबा, त्या विचारतायत, यासाठी आधी काही घेतलं का? मी सांगितलं, मीठ-साखरेचं पाणी."

भिंतीवर एक स्वस्तातलं घड्याळ होतं, काटा जरा अडखळत होता. त्याच्याकडे बघत घड्याळजींनी शर्टाच्या खिशातून पट्टीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"काल यातली एक घेतली."

"बाबा!" लेकीने तो तुकडा ओळखला. तिचा आवाज चढला आणि तिथेच बसला.

डॉक्टरणीने तुकडा उलटापालटा करून पाहिला. नाव कापल्या गेलेल्या भागाबरोबर गेलं होतं, तारीखही. तिने गोल कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?"

"एवढं सुबक कुणी कापलंय म्हणून विचारतायत," लेक म्हणाली. तिने डॉक्टरणीला काय उत्तर दिलं ते घड्याळजींना कळलं नाही, पण डॉक्टरणीने खुर्ची थोडी जवळ ओढून घेतली. मग सावकाश बोलू लागली.

"त्या म्हणतात, साधे जुलाब असते तर पाण्यावर बरे झाले असते, असल्या गोळीची गरजच नव्हती. आता ताप आहे, रक्त आहे, म्हणून औषध लागेल. पण कुठलं ते त्या ठरवणार. ही गोळी कशाची आहे कुणास ठाऊक. खोकल्याची असेल, लघवीच्या त्रासाची असेल. आणि जंतूंवरची गोळी अशी एखाददुसरीच घेतली की कमजोर जंतू तेवढे मरतात, चिवट मागे राहतात. मग तेच औषध पुढे लागू पडत नाही. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तरी तेच."

"बरं वाटलं म्हणून..." घड्याळजी पुटपुटले.

दुकानातलं गिऱ्हाईक त्यांना आठवलं. "चालू झालं ना? मग द्या की!" असं म्हणत हात पुढे करणारं. आणि घड्याळजी मान हलवायचे. चालू झालं म्हणजे बरं झालं नव्हे, आठ दिवस इथे टांगलेलं राहू दे, वेळ चुकली नाही तर घेऊन जा. सगळ्या गावात त्यांची ही अट प्रसिद्ध होती. लोकांच्या घड्याळांना त्यांनी कधी घाईने सोडलं नाही, आणि घरातलं माणूस तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठून मशीनवर बसायचं, त्याचं मात्र कौतुक करत राहिले! आपल्यासाठी म्हणून ती अर्ध्या आजारातून उठायची. तिला एकदा तरी दटावून पाच दिवस झोपवायला हवं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"जुन्या गोळ्या इथे टाकायला वेगळा डबा आहे म्हणतायत," लेक हळूच म्हणाली. "देऊ या का?"

घड्याळजींनी थोडा वेळ तो तुकडा तळहातावर धरला. मग पुढे केला. डॉक्टरणीने गोळ्या काढून डब्यात टाकल्या आणि रिकामी पट्टी टेबलावर ठेवली. लेकीने ती हलकेच आपल्या पर्समध्ये सरकवली. घड्याळजींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

नव्या गोळ्या तीन मिळाल्या, रोज एक. जुलाब थांबवायची गोळी अशा वेळी घ्यायची नाही, पाणी पीत राहायचं, दोन दिवसांत उतार पडला नाही किंवा पाणीही पोटात ठरेना तर लगेच परत यायचं, असं सगळं लेकीने दोनदा विचारून घेतलं. पहिली गोळी तिथेच घेतली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी घड्याळजींना चक्क भूक लागली.

दुपारी बाप-लेक मनोऱ्याखालच्या चौकात येऊन बसले. चित्रात दिसायचं त्यापेक्षा घड्याळ लहान होतं आणि रंगही उडालेला होता. घड्याळजींनी पिशवी काढली, निळ्या कप्प्याचं बटण उघडलं. शेवटची गोळी आत होती. तिच्या पट्टीचे कोपरे त्यांनीच हॉटेलात लेकीच्या कात्रीने गोल केले होते. तेवढं सुबक काही जमलं नव्हतं.

पोट शांत होतं. अंगात हुशारी होती. बोटं आपसूक कप्पा पुन्हा मिटू लागली. एक राहील, कधीतरी लागेल, लेकीला नाहीतर नातवाला. लेक बघत होती. तिने फक्त पाण्याची बाटली उघडून धरली.

वर खटका पडल्याचा आवाज झाला. दारं उघडली, लाकडी माणसं एकामागून एक बाहेर आली, म्हाताऱ्याने हातोडा उचलला. सगळा चौक माना वर करून बघत होता. घड्याळजींनी गोळी तोंडात टाकली आणि वरून पाणी प्यायले.

"अगं, या वेळी उरवलं नाही काही," ते म्हणाले.

"मला म्हणालात, बाबा?"

"नाही गं."

घंटा वाजत राहिली. निळा कप्पा आता अगदी रिकामा होता. घड्याळजींनी त्यावरून एकदा हात फिरवला आणि तिने लावलेलं बटण नीट घातलं.