शेवटचं कडवं

कानात घालायचं ते पांढरं बोंड तळहातावर होतं... चिंचोक्याएवढं, एका अंगाला बारीक जाळी, जाळीत कुणाचा तरी मळ — राखीचाच असणार. तिनंच रविवारी दिलं होतं, आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणत, 'दुसरं हरवलं आबा, पण एका कानानं ऐकायला चालेल ने?' योगराजला तेव्हा हसू आलं होतं, कारण ऐकायला त्याच्याकडे होताच एक कान. डावा तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात कामातून गेला होता. त्याचा फायदाही होता म्हणा. सुपरवायझर नको ते काम सांगायला आला की योगराज हळूच डावी बाजू पुढे करायचा, आणि ज्यानं ऐकलंच नाही त्याच्यावर कोण किती ओरडणार? सुरतेजवळ पलसाण्याच्या या कापड रंगवायच्या डाइंगमध्ये बासष्टाव्या वर्षी तो टिकून होता तो निम्मा त्या कानाच्या जोरावर.

जेवणाची सुट्टी संपत आली होती. तपासून ठेवलेल्या कापडाच्या ताक्यांना पाठ टेकून त्यानं बोंड उजव्या कानात घातलं आणि गाणं सकाळपासून पाचव्यांदा लावलं. आधी गिटार करवादते, मग ड्रम अंगावर येतो, आणि मग त्या सगळ्या गदारोळातून राखीचा आवाज वर निघतो — आणि तो वर निघतो तो माझ्याच चालीवर, माझ्याच वळणानं. 'माग' या शब्दावर खाली उतरून पुन्हा उचलायचं ते तसंच, जसंच्या तसं... चांगलं म्हटलंय पोरीनं. हे कबूल करायला त्याला तीन दिवस लागले होते. पहिलं कडवं, दुसरं, मध्ये गिटारचा धुमाकूळ, तिसरं — आणि खलास. चौथं नाहीच. दर वेळी त्याचा कान चौथ्याची वाट बघायचा, आणि दर वेळी तिथं यंत्राची घरघर तेवढी उरायची.

चौथ्यात त्याचं नाव होतं.

गायन पार्टीची रीतच होती ती. गोडादऱ्यात, लिंबायतमध्ये, जिथं जिथं भीमजयंतीचा मंडप पडायचा तिथं गाणं कुणाचं हे विचारावं लागत नसे. शेवटच्या कडव्यात रचणारा आपलं नाव ओवून ठेवायचा. दुसऱ्या पार्टीनं तुमचं गाणं खुशाल म्हणावं, चाल फिरवावी, ठेका बदलावा — पण शेवटचं कडवं गाळायचं नाही. एकदा सखारामच्या पार्टीनं गाळलं होतं. योगराज मंडपात मागे उभा होता, तो खुर्च्या ओलांडत स्टेजवर चढला आणि माइक ओढून म्हणाला होता, 'गाणं घेतलं तर बापाचं नावही घ्या.' केवढ्या टाळ्या पडल्या होत्या! आता आठवलं की त्या टाळ्यांनी कसंसंच होतं.

राखीला ही रीत कुठून माहीत असणार? ती अक्काची नात, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या लेकाची मुलगी. कतारगामात हिऱ्यांच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात चार पोरं तालीम करतात, त्यांच्यात ही गाते. स्पर्धेला गाणं तीन मिनिटांचं पाहिजे होतं, म्हणून त्यांनी चौथं कडवं कापलं. नाव कापलं गेलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आणि मोबाइलवर गाण्याखाली लिहिलं, गीत-संगीत : पारंपरिक.

पारंपरिक!

रविवारी तो अक्काच्या घरी जाऊन तणतणला होता. 'पारंपरिक म्हणजे काय गं? मी काय मेलो? का मी जन्मलोच नव्हतो?' राखीचा चेहरा एवढासा झाला. 'आबा, सॉरी. आजी म्हणाली होती तुमचं आहे म्हणून, पण पोरांना वाटलं तुम्हीपण कुणाकडून तरी शिकले असाल.' मग समजूत घालायला ती त्यांच्या रॉकबद्दल सांगत बसली. तिकडे सगळेच एकमेकांचं उचलतात म्हणे, गिटारचा तुकडा इथून, ठेका तिथून. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांची गाणी गोऱ्या पोरांनी घेतली, खाली लिहिलं पारंपरिक, आणि जगभर नाव कमावलं. ज्यांची होती ते तसेच गेले. मग पुढं कुणीतरी भांडलं, कोर्टात गेलं, तेव्हा कुठं नावं लागली. 'आपण असं नाही करायचं आबा. गुरुवारी पाचपर्यंत स्पर्धेची यादी दुरुस्त होते. तुम्ही सांगाल ते नाव लिहू. नंतर मात्र ते तसंच राहणार, कायमचं.'

आज गुरुवार. म्हणजे तो जिंकला होता. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तीन दिवस अंगात ताप नसताना कणकण होती, ताक्यावरचे डाग नजरेतून सुटत होते, आणि कापसाच्या शेतातली ती काळी माणसं — त्यांच्यात एखादी बाई असेल का, हे मधूनच डोक्यात येत होतं. कशाला येतं? तो उठला, सुपरवायझरला अर्धी सुट्टी सांगितली आणि हायवेवर येऊन शेअर रिक्षात बसला.

रिक्षात पाच माणसांच्या मध्ये चेपून बसलं की विचार तरी हलायला नको, पण तेच हलतात. अडतीस वर्षांपूर्वीची पत्र्याची शेड. उजव्या हाताला सोळा माग, डाव्या हाताला भिंत, आणि भिंतीशी अक्का बोबिनी भरत बसलेली. बत्तीस वर्षांची, विधवा होऊन दोन वर्षं झालेली, धुळ्याकडून लेकराला घेऊन भावाकडे आलेली. मागांच्या आवाजात शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नसे, म्हणूनच ती तिथं गात असावी. कुणाला ऐकू जाणार नाही अशा जागी. बोबीन बदलायला गेलो की ओठ हलताना दिसायचे. वाकून कान जवळ नेला तेव्हा कुठं कळलं की ही जात्यावरचं, आईकडचं असलं काही म्हणत नाही, ही नवंच काहीतरी म्हणतेय, मागाच्याच ठेक्यावर. 'माग' शब्दावर खाली उतरून पुन्हा उचलायची. मी विचारलं, 'हे कुणाचं?' ती लाजली. लाजली, आणि हात न थांबवता शेवटचं कडवं म्हणाली —

रुखमा सांगते बाई, गाठ मार, चालू दे.

स्वतःचं नाव घातलं होतं तिनं. पार्टीच्या गाण्यांत पुरुष घालतात तसं. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

त्या वर्षीच्या जयंतीला नवं गाणं हवं होतं आणि त्याला सुचत नव्हतं. तीन कडवी त्यानं जवळपास तशीच उचलली, दोन-चार शब्द घासूनपुसून घेतले. चौथ्याशी अडला. बाप्या माणूस स्टेजवर उभा राहून 'रुखमा सांगते' म्हणणार? लोक हसले असते. आणि बहिणीचं नाव चारचौघांत, ढोलकीवर... तिला विचारायचं होतं, विचारलं नाही. 'सांगते'चं 'सांगे' केलं की 'योगराज' तिथं बरोबर बसतो, हे कळलं तेव्हा तर त्याला आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं. योगराज सांगे बाई, गाठ मार, चालू दे. अक्का बायकांत पुढच्याच रांगेत बसली होती. टाळ्या वाजवत होती. नंतरही ती एका शब्दानं बोलली नाही — त्या दिवशी नाही, सखारामच्या वेळी नाही, रविवारी तो तिच्याच घरात नावासाठी थयथयाट करत होता तेव्हाही नाही. भाकरी उलटत होती.

तिनं एकदा तरी भांडायला हवं होतं. भांडली असती तर मी काहीतरी खोटंनाटं बोललो असतो, निभावलं असतं.

गोडादऱ्याला उतरून तो पायी निघाला. गल्लीत दारोदार बायका साड्यांना खडे चिकटवत बसल्या होत्या. अक्काच्या दारात राखी मोबाइल घेऊन उभीच होती.

'जयभीम आबा! चला लवकर, सव्वाचार झाले. मी सगळं भरून ठेवलंय, फक्त नाव बाकी.'

आत अक्का मेथी निवडत बसली होती. त्याला बघून तिनं पाय आवरून घेतले. 'वना का रे भाऊ? बठ. चहा ठेवस.'

'राहू दे चहा.' तो तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. सकाळपासून एक वाक्य तोंडात घोळत होतं आणि आता त्याची सुरुवातच सापडत नव्हती. राखी समोर बसली, अंगठा मोबाइलवर तयार.

'थांब जरा,' तो म्हणाला. 'आधी तुझ्या आजीला शेवटचं कडवं म्हणायला सांग.' का म्हणाला? ती तिचं नाव घेईल म्हणून? तिच्या तोंडून आपोआप निघेल, राखी विचारेल, 'यात आजीचं नाव कसं?' आणि मला काहीच सांगावं लागणार नाही, म्हणून?

राखी पलीकडे जाऊन अक्काच्या डाव्या कानाशी ओरडली. अक्का हसली, पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्या कडव्यापासूनच सुरू झाली. आवाज आता चिरकायचा, ऐकू कमी येत असल्यानं वाजवीपेक्षा मोठा लागायचा. पण 'माग' शब्दावर ती खाली उतरली आणि पुन्हा उचलताना सत्तर वर्षांची बाई कुठं गेली ते कळलं नाही. राखी अंगठा विसरून बघत राहिली. चौथं कडवं आलं. योगराजनं मेथीच्या जुडीवर नजर धरली.

'योगराज सांगे बाई,' अक्का म्हणाली. कुठं अडली नाही, अडखळली नाही. 'सांगे' म्हणाली, 'सांगते' नाही. गाणं जणू असंच जन्माला आलं होतं. मग त्याच्याकडे वळून, पोरीनं मास्तरला विचारावं तशी, 'बराबर शे ना रे भाऊ? काही चुकनं का?'

ती विसरली होती, की तिनं ते देऊन टाकलं होतं, की ती त्याला हेच दाखवत होती... तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना. हातातली जुडी सुटी करून ती पुन्हा काड्या खुडायला लागली. इतका थकवा त्याला दोन पाळ्या सलग केल्यावरही आला नव्हता.

'किती मस्त, ने!' राखी म्हणाली. 'आबा, मग लिहू? योगराज भिवा... आडनावपण टाकू?'

'अक्का,' तो म्हणाला, 'तू आधी कसं म्हणायचीस?'

अक्का मेथी निवडत राहिली. तिनं मान वर केली नाही. राखी मोबाइलकडे बघत होती, तिनंही ऐकलं नव्हतं. इतक्या हळू बोललो होतो मी. आणि मग त्याला दिसलं की तो तिच्या उजव्या अंगाला बसला आहे. तिचा उजवा कान त्या सोळा मागांनी नेला, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. डावीकडे सतरंजी मोकळी पडली होती. आत आल्यावर कुणी त्याला इथं बस म्हटलं नव्हतं.

आता विचारायचं तर उठून पलीकडे जावं लागणार होतं, आणि ओरडून विचारावं लागणार होतं... राखीला कळेल असं, बाहेर खडे चिकटवणाऱ्या बायकांना ऐकू जाईल असं.

'आबा, साडेचार झाले.'

त्यानं मूठ उघडली. रिक्षापासून ते बोंड त्याच्या हातातच होतं, घामानं ओलं झालेलं. ते त्यानं सतरंजीवर ठेवलं आणि उठण्यासाठी भिंतीला हात लावला. गुडघे दुखत होते, आणि सतरंजीची ती मोकळी बाजू फार लांब वाटत होती.