भोंग्यातून न गेलेला पत्ता

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून बोलायचा, बॅटरीवर चालणारा. माझ्या मुठीला एक बटण आहे. ते दाबलं की माणसाचा आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. काय बोलायचं हे मात्र माझ्या हाती नाही. मला कायम त्याचीच धास्ती असते.

कारखान्यात एका बाईने माझ्यात "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. तिथून मी मिस्त्रीकाकांकडे आलो. काका बसगाड्या दुरुस्त करायचे. सुट्टीच्या दिवशी ते गावातल्या मुलींच्या फुटबॉल संघाला मला घेऊन प्रोत्साहन द्यायचे. त्यांच्या डाव्या बाजूला काकू बसायच्या. काकांची जीभ घसरली की त्या म्हणायच्या, "अहो, समोरच्या मुलींच्या आयाही आल्यात बरं का." मग काका गप्प. मुलं मला हात लावायला धडपडायची. ते दिवस चांगले होते.

मग काकू गेल्या. काकांनी मैदानावर जाणं सोडलं आणि मला कपाटावर ठेवलं. माझ्यावर धूळ साचली. सकाळी स्वयंपाकघरात एकच कप धुतल्याचा आवाज यायचा. तो ऐकत मी पडून राहायचो.

एका संध्याकाळी ओळखीचा वायरमन धावत आला. "काका, भोंगा काढा! आपल्या पोरीची पार अब्रू घालवली हो!"

त्याने वर्तमानपत्र पुढे केलं. अंतिम सामना आमचा संघ हरला होता. फोटोत चेंडू जाळ्यात चालला होता आणि आमच्या गोलकीपरचे दात दिसत होते. वर मथळा होता, 'हसत हसत हार'. मुलीने पैसे खाऊन गोल होऊ दिला असं लोक बोलू लागले होते. तिने सराव बंद केला होता. खेळच सोडते म्हणत होती.

काकांनी मला पुसलं, नव्या बॅटऱ्या घातल्या. आम्ही वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर गेलो. रस्ताभर माणसं तापली होती. वायरमनने मोबाइल काकांच्या डोळ्यांसमोर धरला.

"बातमी लिहिणाऱ्याच्या घरचा पत्ता मिळालाय. भोंग्यावर सांगा. आत्ताच जाऊ."

"घरी त्याची माणसं असतील रे."

"आणि पोरीच्या घरी नाहीत?"

काकांनी मला तोंडाशी धरलं. त्यांनी बटण दाबलं. मी खरखरलो. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. मित्रांनो, त्या क्षणी मी नुसता घाबरून गेलो होतो. तो पत्ता एकदा माझ्या तोंडून गेला असता तर कुणालाच परत घेता आला नसता.

काकांनी डाव्या बाजूला पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग ते बोलले, "सामना बघायला कोण कोण होतं? हात वर करा."

एवढ्या गर्दीत मोजकेच हात वर गेले. वायरमनचा हात खालीच होता.

"माझाही नाही," काका म्हणाले. "म्हणजे आपणही फोटोच बघितलाय. ज्यांनी सामना बघितलाय त्यांनी पुढे या. डोळ्यांनी दिसलं तेवढंच बोला."

सामन्याच्या वेळी गोलच्या मागे रस विकत बसलेली रसवाली पुढे आली. तिने मला दोन्ही हातांनी धरलं. "अहो, तिच्या जबड्यावर बूट बसला. ती हसत नव्हती, कळवळत होती. माझ्या मोबाइलमध्ये सगळं आहे."

वरची खिडकी उघडली. संपादकबाईंनी काकांना आणि रसवालीला वर बोलावलं. काकांच्या खांद्याला लटकून मीही गेलो. बातमी लिहिणारा तिथेच बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"फोटो खोटा नाही," तो म्हणाला.

"नाहीच," काका म्हणाले. "पण बूट कुठंय त्यात?"

रसवालीने चित्रफीत लावली. त्याने ती पुन्हा पुन्हा पाहिली आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर एका कोपऱ्यात दिलगिरी आली. "भिंग लावून वाचायची की काय?" वायरमन चिडला. मुलीनेही ती वाचून बाजूला ठेवली.

"हे कोण वाचणार, काका?"

"फारसं कुणी नाही. पण पुढच्या सामन्याला आम्ही येतोय. तू ये किंवा नको येऊ, आम्ही असू."

सामन्याच्या दिवशी काका मैदानाच्या पायरीवर बसून राहिले. एकेक खेळाडू मैदानात उतरली. गोल रिकामाच होता. काकांच्या घामाने माझी मूठ ओली झाली. सगळ्यांत शेवटी ती आली. जबड्यावर पट्टी होती, नजर खाली. मागून कुणीतरी शिट्टी मारून हिणवलं. मला वाटलं, आता ही परत फिरते.

काकांनी हिणवणाऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिच्या पाठीवरचा आकडा पाहून त्यांनी मला तोंडाशी धरलं. "एक नंबर!"

"एक नंबर!" वायरमन ओरडला, मग सगळी पायरी. तिने वर पाहिलं नाही, पण हातमोजे घट्ट केले आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, आता मी कपाटावर नसतो, तरी माझी धास्ती गेलेली नाही. कधी कुणाच्या हाती पडेन, सांगता येत नाही. आपल्या माणसाबद्दल वाईट छापून आलं की राग येणारच. आलाच पाहिजे. पण बटण दाबण्याआधी एक श्वास घ्या. मला तो घेता येत नाही.