एक लांब शिट्टी

मोगरी घसरली.

फार नाही, वीतभर. रथाचं डावं पुढचं चाक तिच्यावर टेकलं, क्षणभर अडलं आणि मग चाकासकट मोगरीच पुढे सरकली. मोगरी म्हणजे बाभळीच्या लाकडाची, हातभर दांड्याची पाचर. वेणुगोपाळाच्या रथाला ब्रेक म्हणून जे काय होतं ते एवढंच. चार चाकं, आठ माणसं, आठ मोगऱ्या, आणि त्या कधी लावायच्या, कधी काढायच्या हे सांगणारी एक पितळेची शिट्टी. ती ढुंढिराज गायधनींच्या तोंडात होती.

ढोल चालू होते, ताशे चालू होते, स्पीकरवर निवेदक देवापेक्षा देणगीदारांची नावं जास्त घेत होता. त्या गदारोळात लाकूड घसरल्याचा आवाज दोघांनाच ऐकू आला. एक ढुंढिराज आणि दुसरा चंदर, कारण मोगरी त्याची होती. चंदरने मान वर करून पाहिलं. ढुंढिराजांनी एक लांब शिट्टी फुंकली. एक लांब म्हणजे थांब, दोन तोकड्या म्हणजे सोड.

रथ सुताराच्या उताराच्या अगदी तोंडावर थांबला. अजून सपाटीवर होता म्हणून थांबला.

तिथून नदीपर्यंत दोनशे पावलांचा सरळ उतार. दोन्ही बाजूंना माणसं, ओट्यांवर माणसं, गॅलऱ्यांत माणसं आणि खाली घाटावर आरत्या घेतलेल्या बायका. पूर्वी उताराला काळ्या दगडांची ओबडधोबड फरसबंदी होती. तिच्यावरून सायकल नेणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची, पण मोगरी मात्र दगडांच्या खाचेत अशी बसायची की काढायला दोघं लागायचे. गेल्या वर्षी कुंभमेळ्याच्या निमित्ताने सगळीकडे सिमेंट वाहत होतं, त्यातलं थोडं आळीने मागून घेतलं. उतार गुळगुळीत झाला. कोपऱ्यावर 'माजी नगरसेविका सौ. श्यामलाताई यांच्या प्रयत्नांतून' अशी पाटीही लागली. रथ त्यावरून यंदा पहिल्यांदाच जायचा होता, आणि रथ येणार म्हणून आळीतल्या बायकांनी भक्तिभावाने त्यावर सकाळपासून तीन वेळा सडा घातला होता. सड्यावर रांगोळी, रांगोळीवर गुलाल.

म्हणजे ओल्या काचेवर पावडर. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ढुंढिराजांच्याही नाही. ते सकाळी पायरीवर उभं राहून "रांगोळी छान आहे" असं म्हणून गेले होते.

"काय झालं?" श्यामलाताई माइक घेऊनच आल्या. त्या उत्सव समितीच्या अध्यक्षा होत्या, आणि केबलवाल्यांचा कॅमेरा पन्नास पावलं खाली त्यांची वाट बघत होता. "ढुंढिराज, का थांबवलं?"

"मोगरी घसरतेय."

"मग दुसरी लावा."

"मोगरीचा दोष नाही ताई. रस्ता."

ताईंनी रस्त्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. "रस्त्याला काय झालं? चांगला आरशासारखा झालाय."

"तेच म्हणतोय मी."

ढुंढिराज पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही फाइलवर स्वतःचं मत लिहिलं नव्हतं. 'चर्चा करावी' एवढा एकच शेरा ते मारत, आणि त्या बळावर त्यांना दोन बढत्या मिळाल्या होत्या. त्यांच्या पत्नी, संध्याबाई, म्हणायच्या, "मेथी आणू की पालक हे यांना ठरवता येत नाही, आणि साडेचार टनांचा रथ म्हणे हे थांबवतात."

त्यांच्याकडे शिट्टी आली तीही कर्तबगारीमुळे नाही. एक्याण्णव साली यादवमामा म्हातारे व्हायला लागले. मामांनी तीस वर्षं रथ चालवला होता. मदतीला माणूस हवा म्हणून त्यांनी आळीभर नजर फिरवली. तोंडात तंबाखू नसलेला, म्हणून शिट्टी फुंकू शकेल असा धडधाकट पुरुष एकच निघाला.

पहिल्याच वर्षी मामांना मधेच चक्कर आली. ते ओट्यावर टेकले आणि शिट्टी ढुंढिराजांच्या हातात दिली. रथ थांबलेला, मोगऱ्या लागलेल्या. लोक ओरडायला लागले, "सोडा, सोडा!" ढुंढिराजांनी लोकांकडे पाहिलं. हजारभर माणसं एकच गोष्ट सांगतायत म्हणजे बरोबरच असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी दोन तोकड्या फुंकल्या. तेव्हा मोगऱ्यांना दांडे नव्हते, हातानेच लावायच्या आणि हातानेच ओढायच्या. चंदरचा हात अजून आत होता.

तीन बोटं गेली.

मामा ढुंढिराजांना एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेले आणि चंदरच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसवून निघून आले. तीन दिवस ढुंढिराज त्या स्टुलावर होते. चंदरने पहिल्या दिवशी तोंड भिंतीकडे केलं, दुसऱ्या दिवशी पाणी मागितलं, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊ, मोगरीला दांडा लावला तर?" चौथ्या दिवशी ढुंढिराज शिट्टी परत द्यायला मामांकडे गेले.

"ठेव तुझ्याकडंच," मामा म्हणाले.

"मामा, माझ्याच्याने नाही व्हायचं. दुसरा बघा."

"दुसरा बघतो की. पर त्यालाबी हे शिकवायला लागंल. आन् तेवढी बोटं आता आळीत कुणाची मागू?"

तेरा वर्षं ती शिट्टी ढुंढिराजांकडे होती. मामा जाऊनही पाच वर्षं झाली. या तेरा वर्षांत ढुंढिराजांनी लोकांकडे पाहून एकदाही शिट्टी फुंकली नव्हती. आठ माणसांचे सोळा हात बाहेर दिसले की मग फुंकायची. चंदरचे दोन हात ते दोनदा मोजायचे.

सव्वापाच वाजले होते. दिवस मावळायच्या आत रथ नदीवर, हा नियम शंभर-सव्वाशे वर्षांचा. प्लेगच्या साथीतही तो मोडला नव्हता, असं निवेदक दर दहा मिनिटांनी सांगत होता.

"किती वेळ?" ताईंनी विचारलं.

"मयूरच्या गोदामात कांद्याच्या रिकाम्या गोण्या आहेत. चाकांच्या वाटेवर खालपर्यंत अंथरायच्या, वर माती टाकायची. मग मोगरी धरेल."

"मी विचारलं, किती वेळ."

"दीड तास. दोनही लागतील."

"म्हणजे अंधार!"

गर्दीतून मयूरचा आवाज आला. "ओ काका, ते बारदान उद्या सकाळी विंचूरला जायचंय माझं! शेणामातीत लोळवलेल्या गोण्या घेईल का कुणी?"

लोक हसले. मग हसू थांबलं, कारण मागचा जमाव पुढे रेटत होता आणि पुढच्यांना उतार दिसत होता. रथाच्या मागे ओढ धरायचे दोन दोर होते. ते धरणाऱ्यांच्या हातांना रग लागली होती. एकाने आवाज दिला, "भाऊ, काय करायचं ते करा लवकर. हात सुटाया लागले!"

"चारी चाकांना दगड लावा. दुहेरी," ढुंढिराज म्हणाले. हे त्यांनी 'चर्चा करावी'च्याच सुरात सांगितलं. दगड लागले.

"ढुंढिराज," ताईंनी माइक बंद केला आणि आवाज खाली आणला, "हे तुमचं ऑफिस नाही. फाइल अडवल्यासारखा देव अडवताय. खाली दहा हजार माणूस उभा आहे. एकदा वीतभर सरकली म्हणून? गुलालाचा ढीग आला असेल मधे."

हे खरं असू शकत होतं. ढुंढिराजांना ते ताईंच्या आधीच वाटून गेलं होतं. गुलालाचा ढीग असेल, मोगरीची धार बोथट झाली असेल, चंदरने तिरकी लावली असेल. सिद्ध करायला काहीच नव्हतं. थोडा सोडून बघू म्हणावं, तर उतारावर रथ थोडा सोडता येत नाही. तो एक तर वर असतो, नाहीतर खाली.

कुठूनतरी एक चप्पल आली आणि त्यांच्या खांद्याला लागली. "भटजी, घरी जाऊन झोपा!" कुणीतरी ओरडलं. त्यावर पुन्हा हशा. ढुंढिराजांनी चप्पल उचलली, बाजूच्या ओट्यावर नीट ठेवली.

"लखन," ताई म्हणाल्या, "तू वाजव."

लखन युवक मंडळाचा प्रमुख. दंड व्यायामशाळेतले, कपाळाला भगवी पट्टी आणि गळ्यात जादा शिट्टी. दोन वर्षं ती नुसतीच शोभेला होती. त्याने ती ओठांना लावली. आठ माणसांनी दांडे धरले. ज्याची शिट्टी वाजेल त्याचं ऐकायचं, हाच त्यांचा शिरस्ता. चंदर ढुंढिराजांकडे बघत होता. बाकीचे सात खाली बघत होते.

ढुंढिराजांनी आपल्या गळ्यातली शिट्टी काढली.

"वाजव," ते म्हणाले. "वाजवायला हरकत नाही. पण ती काय, कुणीही वाजवेल. ही घ्या ताई, तुम्ही वाजवा. लखन, तू पैलवान आहेस, तू डाव्या पुढच्या चाकाशी बस. चंदरच्या जागी. त्याचा एक हात अधू आहे, आज तिथे जोर लागणार."

लखनने ओठांवरची शिट्टी खाली केली. "मी?"

"तू म्हणतोस ना धरेल म्हणून. मग धर."

"मी कुठं म्हणलो? ताई म्हणल्या."

"मग ताईंना विचार, बसतात का."

ढोल कधी थांबले ते कुणाला कळलं नाही. चंदरने मोगरी उचलली आणि उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत दांडा धरून लखनपुढे केली. "घे," तो म्हणाला. "बस हितं. गुडघा आत घेऊ नको. सरकली तर मोगरी सोड, हात आत ठेवू नको. माझा राहिल्ता."

लखन बसला. एवढ्या लोकांपुढे न बसून सांगणार कुणाला? बसल्यावर चाक त्याच्या डोक्याच्या वर गेलं. वर्षानुवर्षं त्याने रथ उभ्याने पाहिला होता. त्याने मोगरी टेकवली. मग डावा तळवा रस्त्यावर ठेवला. तळवा पुढे-मागे फिरवला, पालथा करून बघितला. तळव्याला रांगोळीचा ओला लगदा लागला होता. त्याने पुन्हा वर चाकाकडे पाहिलं, मग उतारावरच्या गर्दीकडे. पहिल्याच ओट्यावर त्याची बहीण तृप्ती पोर कडेवर घेऊन उभी होती आणि त्याला हात करत होती.

तो उठला. हात पँटीला पुसले.

"मयूर," तो ओरडला, "गोदामाची किल्ली टाक. टाक म्हणतो ना!"

गोण्या आल्या. अंथरल्या. मारुतीच्या पारामागची माती टोपल्यांनी आली. ढुंढिराजांनी प्रत्येक गोणीवर पाय देऊन पाहिला. मधेच सूर्य गेला. निवेदकाने नियमाबद्दल बोलणं बंद केलं आणि पुन्हा देणगीदारांकडे वळला. सात वाजून दहा मिनिटांनी ढुंढिराजांनी सोळा हात मोजले, चंदरचे दोनदा, आणि दोन तोकड्या शिट्ट्या फुंकल्या. रथ गोण्यांवरून म्हशीसारखा डुलत खाली गेला. मोगऱ्या कचकन बसत होत्या, कचकन निघत होत्या. दोनशे पावलं. काहीही झालं नाही.

तीच पंचाईत झाली.

"बघा, काही झालं का?" दुसऱ्या दिवशी आळीभर हेच. "उगाच थांबवला. आरतीचा मुहूर्त घालवला." काहीच न झाल्याचा पुरावा सगळ्यांकडे होता. होऊ शकलं असतं त्याचा कुणाकडेच नव्हता, ढुंढिराजांकडेही नाही. मयूरने गोण्यांची भरपाई मागितली. जूनमध्ये समितीची बैठक झाली. नियम मोडल्याबद्दल कुणी काही बोललं नाही, फक्त ढुंढिराजांच्या प्रकृतीची सर्वांनाच काळजी वाटत असल्याचं इतिवृत्तात नमूद झालं. त्यांची प्रकृती उत्तम होती. त्यांनी शिट्टी टेबलावर ठेवली. शाल आणि नारळ मिळाला. घरी संध्याबाईंनी विचारलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलणार?"

"चर्चा करावी, असं तरी म्हणायचं."

पुढच्या चैत्रात ढुंढिराज गर्दीत उभे होते, उताराच्या तोंडावर, दोरीच्या अलीकडे. या वर्षी सडा नव्हता. गोण्या दुपारीच अंथरून झाल्या होत्या, आणि कोऱ्या होत्या. पहिल्या गोणीला बायकांनी हळदकुंकू वाहिलं. स्पीकरवर निवेदक सांगत होता, "हीच ती पायघडी! आपल्या पूर्वजांनी घालून दिलेली शतकाची परंपरा! देवाच्या रथाला बळीराजाचं बारदान!" श्यामलाताईंनी गोणीला नमस्कार केला. कॅमेऱ्याने तो टिपला.

रथ आला. एक लांब शिट्टी. लखनच्या गळ्यात आता एकच शिट्टी होती, जुनी, पितळेची.

"सोडा, सोडा!" लोक ओरडायला लागले.

लखनने शिट्टी ओठांना लावली आणि काढली. तो वाकला. एकेका चाकाशी थांबून पाहत गेला. उजवं मागचं, डावं मागचं, उजवं पुढचं. डाव्या पुढच्या चाकाशी चंदरने आपला उजवा हात वर करून दाखवला. लखनने बघितलं. लोक ओरडतच होते. त्याने चंदरला खूण केली, दुसराही दाखव.

दोरीमागून ढुंढिराजांनीही ते दोन्ही मोजले. मग त्यांना दिसलं की गर्दीच्या पायाने कडेच्या एका गोणीचा कोपरा दुमडून वर आलाय, बरोबर चाकाच्या वाटेत. ते दोरीखालून वाकून पुढे झाले आणि चपलेने तो कोपरा सरळ करून दाबला.

"ओ काका!" बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक धावत आला. "मागे व्हा. दिसत नाही का रथ? इथं काही झालं तर जबाबदार कोण?"

"हो, हो," ढुंढिराज म्हणाले. त्यांनी गोणीवर आणखी एकदा पाय देऊन पाहिला आणि ते दोरीमागे गेले.