मास्तरांचं नाक

"हात लावायचा नाही, मास्तर. नुसतं नाक," असं म्हणत धाकट्या शेठने दोन पिवळेधमक आंबे वखारीत आंब्यांची अढी लावणाऱ्या मास्तरांच्या तोंडासमोर धरले. वखारीत आंबे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

एक आंबा मास्तरांच्या स्वतःच्या अढीतला, आठ दिवस गवतात निवांत पिकलेला. दुसरा शेजारच्या वखारीतला, पेटीत कार्बाइडच्या पुड्या घालून घाईघाईने पिवळा केलेला. मास्तरांनी वासावरून ओळखलं, तर शेठने आणलेलं पुड्यांचं पोतं परत जाणार होतं. नाही ओळखलं, तर परवा शाळेच्या कार्यक्रमात चारशे मुलं पुड्यांवरचे आंबे खाणार होती.

"पोरांना काय कळतंय? पिवळं दिसलं की झालं," शेठ सकाळीच म्हणाला होता.

"डोळ्यांना नाही कळणार. घशाला कळेल, मग पोटाला. त्या पावडरीत आर्सेनिकचा अंश असतो, शेठ. ते काही जीवनसत्त्व नव्हे."

"सगळा बाजार खातोय."

"म्हणून तर दवाखान्यात बसायला जागा नाही."

मास्तरांचं नाक बाजारात प्रसिद्ध होतं. ते आंबा नाकाशी नेत, डोळे मिटत आणि म्हणत, "अजून दीड दिवस." दीड म्हणजे दीड. व्यापारी त्या नाकाची तारीफ करत. वास्तविक काम उरकायचा तो देठाजवळ हळूच दाबलेला अंगठा, पण अंगठ्याची तारीफ कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

नाक सहा वर्षांपूर्वीच गेलं होतं. त्याआधी चौदा वर्षं, थोरल्या शेठच्या अमलात, मास्तरांनी स्वतःच्या हातांनी पुड्या बांधल्या होत्या. मग एके सकाळी शेगडीवर दूध करपलं आणि मास्तर शेजारी बसून पेपर वाचत राहिले. बायकोला वाटलं, बातमी फारच मोठी असणार. डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं, कामधंदा विचारला आणि सांगितलं, "त्या कार्बाइडच्या गॅसनेच केलंय. गेलेलं परत येईलसं वाटत नाही." तेव्हापासून मास्तरांनी पुडीला हात लावला नाही आणि ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. वास न येणाऱ्या अढीमास्तराला कोण कामावर ठेवील?

आता ते वाकले. डावा आंबा हुंगला. उजवा हुंगला. दोन्हीकडून सारखीच हवा आली, सरकारी पत्रासारखी कोरडी. ठोकून दिलं असतं, तर जमण्याची निम्मी शक्यता होती. पण चुकलं असतं, तर निम्मी मुलं नव्हे, चारशेच्या चारशे खाणार होती.

"मला वास येत नाही," मास्तर म्हणाले.

"सर्दी झालीय?"

"सहा वर्षं सर्दी असते होय कोणाला? ह्याच पुड्यांनी नेलाय."

शेठने आंबे खाली ठेवले. "म्हणजे सहा वर्षं आम्हाला बनवलंत?"

"बनवलं. आंबे मात्र खरे होते."

शेठने तावातावाने पोत्यातली एक पुडी उचलली आणि बायकांपुढे धरली. "चला, पेट्या उघडा."

अक्का, सगळ्यांत जुनी, हात झाडत उठली. "तुम्हीच घाला हो शेठ. आम्ही लांबून बघतो. आमच्या घरी कामाचं नाक एकच, माझं. नवऱ्याचं नुसतं घोरायला."

बायका फिसकन हसल्या. शेठचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला. तो पुडीचाच हात आहे हे ध्यानात येताच त्याने झटकन खाली घेतला, नळावर जाऊन साबणाने दोनदा धुतला आणि शाळेत फोन लावला. "कार्यक्रम करून घ्या. आंबे अढीतले देतो, बुधवारी." मग मास्तरांकडे न बघता म्हणाला, "तपासणी मात्र आता अक्का करेल. नाक नसलेला माणूस मी गिऱ्हाइकापुढे कसा उभा करू?"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

बुधवारी अक्काने अढीची खोली उघडली. मास्तर दाराशीच थांबले. तिने वरचं गवत बाजूला केलं आणि ती तशीच वाकून राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. झालेत."

"वास कसा येतोय?"

"छान येतोय की."

"छान म्हणजे?"

अक्काने एक आंबा नाकाशी धरला, जरा विचार केला आणि सांगायला सुरुवात केली. मास्तर टोपी काढून ऐकत उभे राहिले.