खोट्या नळीवरची खरी पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे. स्टीलची, बोटाएवढी लांब, अंगावर सात आकडे आणि दोन अक्षरं. एक कोपरा वाकडा आहे आणि त्यावर तपकिरी डाग आहे. तो गंज नाही. सध्या मी एका नर्सच्या औषधांच्या डब्यात पडून असते. गाडीची पट्टी औषधांच्या डब्यात कशाला, असं तुम्ही विचाराल. तेच सांगते, मित्रांनो. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्मच मारहाणीत झाला. मोठ्या पत्र्यातून मला खटकन कापलं, दाबयंत्राखाली ठेवलं आणि एका ठोशात आकडे माझ्या अंगात घुसवले. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. मग चार ठिकाणी विजेचे चटके देऊन मला एका हेडरच्या पाठीवर कायमचं चिकटवलं. हेडर म्हणजे इंजिनातला जळता धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची जुडी. नळ्या मोकळ्या असल्या की धूर झपाट्यानं सुटतो आणि गाडीला जोर येतो. पण हा धूर विषारी असतो. पुढे एका डब्यात तो शुद्ध होतो, त्याला गॅरेजात कन्व्हर्टर म्हणतात. माझा हेडर त्या डब्याला धक्का लावत नाही, त्याची तपासणी झालेली आहे, याचा सरकारी दाखला म्हणजे मी. फुशारकी म्हणा हवं तर, पण मला माझ्या आकड्यांचा फार अभिमान होता.

मी आले ते दोन भावांच्या गॅरेजात. थोरला भाऊ दादा, हातानं पक्का, तोंडानं कडू. धाकटा बोलायला साखर आणि अंगात नुसता उतावळेपणा. दोघांच्याही वरची त्यांची बहीण, ताई, लहान मुलांच्या इस्पितळात नर्स होती. तान्ह्या पोराच्या केसाएवढ्या शिरेत ती पहिल्याच फटक्यात सुई घालायची. अवघड पोर आलं की डॉक्टरसुद्धा आधी तिलाच बोलावत. आणि या बाईला वेड कशाचं, तर वेगवान गाडीचं! दांडग्या इंजिनाची छोटी लाल गाडी घेऊन ती रोज साठ किलोमीटर जा-ये करायची. तिच्या इंजिनावरच्या मूळच्या लोखंडी नळ्या तडकल्या, म्हणून टेबलावर दोन हेडर मांडले गेले. एक माझा, आखूड. दुसरा लांब नळ्यांचा, चकचकीत, अंगावर पट्टी नसलेला.

"ताई, हा लांब घे," धाकटा म्हणाला. "गाडी नुसती उडेल बघ!"

"आणि कन्व्हर्टर?" दादानं विचारलं.

"तो काढावा लागतो. एका डब्याचं काय एवढं कौतुक?"

"रोजची गाडी आहे ही, शर्यतीची नाही. या लांबड्याचा सांधा बरोबर सीटखाली येतो. जरा फट राहिली की धूर आत. आणि त्यातलं जे जीव घेतं ना, त्याला वाससुद्धा नसतो."

"तू ना दादा, गाडीची शिलाई मशीन करून ठेवशील!"

ताई खळखळून हसली. "बाळ्या, दिवसभर मी छातीत धूर भरलेली पोरं सांभाळते. त्यांच्याच दारात आणखी धूर ओकू होय? पट्टीवाला लावा."

मग सुरू झाली माझी नोकरी. ती काय विचारता! पाठीखालून आग, वरून पंख्याचा वारा, पावसात तापल्या अंगावर गार पाण्याचे फटके. महिन्याभरात मी निळी पडले. पण वर्षाच्या तपासणीला साहेबानं बॉनेट उघडून माझ्यावर टॉर्च मारला आणि म्हणाला, "वा, सगळं रीतसर आहे." तेव्हा सगळे चटके विसरायला झाले. दोन वर्षं अशी गेली, आणि ती माझी सुखाची वर्षं होती.

मग दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. आठवडाभर तो घरी होता आणि ताई कामाच्या गावी राहायला होती, गाडी गॅरेजात ठेवून. नेमका त्या रविवारी रोजच्या वापरातल्या गाड्यांची शर्यत होती. आत जाताना पट्टी बघत आणि मगच सोडत. धाकट्याला पट्टीही हवी होती आणि लांब नळ्याही हव्या होत्या. त्यानं ग्राइंडर घेतला.

मित्रांनो, ते चाक माझ्या पाठीत शिरलं तेव्हा ठिणग्यांनी सगळं गॅरेज पिवळं झालं. एक चटका सुटला, दुसरा सुटला, तिसरा सुटला. चौथ्याला त्याचा हात घसरला आणि चाकानं माझ्या हेडरचं पोटच फाडलं. तो "आई गं!" म्हणून थबकला. फाटलेला हेडर आता परत लागणार नव्हता. मग त्यानं मला दोन भोकं पाडली, लांब नळीवर धरलं आणि रिबिटाचे जाड खिळे घालून हातोड्यानं ठेचलं. वर पत्र्याचं झाकण घातलं, त्याला एक खिडकी ठेवली आणि खिडकीतून फक्त मी दिसेन अशी व्यवस्था केली. एवढं करून शर्यत हरला, तेही सांगून टाकते.

ताईला त्यानं सांगितलं, "सायलेन्सर बदललाय, म्हणून आवाज भारी येतोय." दादाला म्हणाला, "सगळं तसंच आहे, पट्टी बघ की." दादा काळा चष्मा लावून आला. डॉक्टरनं वाकायला मनाई केली होती. त्यानं उभ्या उभ्याच बॉनेटमध्ये डोकावलं, मी दिसले, आणि त्यानं बॉनेट लावून टाकलं. मला ओरडायचं होतं. अरे, माझ्याकडे काय बघतोस, माझ्या खाली बघ! पण पट्टीला तोंड कुठलं?

थंडीचे दिवस होते, काचा बंद असायच्या. सीटखालचा सांधा सैल होत गेला. ताई म्हणायची, "ड्यूटी फार होते, डोकं ठणकतं." धाकटा ऐकायचा आणि मान खाली घालून बोल्ट आवळत बसायचा. उद्या सांगू, परवा सांगू, असे त्यानं चाळीस दिवस काढले. एका सकाळी रस्ता सरळ होता आणि ताईचा पाय पेडलवरून उचललाच गेला नाही. शुद्ध हरपली होती तिची. पाण्याच्या टाकीची भिंत समोरून आली. बॉनेटची घडी झाली, काच फुटून आत उडाली, इंजिन मागे सरकलं. ताईच्या डोक्यातून रक्त स्टिअरिंगवरून खाली गळत राहिलं आणि गाडी तशीच घुरघुरत आत धूर सोडत होती. लोकांनी पहारेनं दार फोडून तिला बाहेर ओढलं.

ताई वाचली. पंधरवड्यानं ती घरी आली, त्याच दिवशी दुपारी मोडकी गाडी गॅरेजात आली. दादानं झाकण उचकटून फेकलं. डोळा अजून अंधूक होता, म्हणून त्यानं अंगठा माझ्यावरून फिरवला. अंगठा रिबिटावर अडला. परत फिरवला. परत अडला.

"बाळ्या, पट्टीला रिबीट कधीपासून मारायला लागले?"

दादाचा हात नळीवरून खाली गेला, लांब, लांब, सीटखालच्या फाटक्या सांध्यापर्यंत. मग त्यानं पहार घातली आणि अख्खा हेडर गाडीतून उपटून काढला.

"दादा, ऐक ना, मी सांगणारच होतो..."

दादा पुढे आला तसा धाकट्यानं भीतीनं पान्हा भिरकावला. तो दादाच्या तोंडावर बसला आणि दोन दात रक्तासकट फरशीवर पडले. दादानं तोंडसुद्धा पुसलं नाही. त्यानं हेडर दोन्ही हातांनी उगारला. पहिल्या फटक्यात टेबल गेलं. दुसरा खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. तिसरा फटका मी स्वतः मारला, मित्रांनो. माझा कोपरा धाकट्याच्या गालात डोळ्याखाली घुसला आणि हनुवटीपर्यंत फाडत गेला. ज्या हातानं मला ताईच्या गाडीत बसवलं होतं, त्याच हातानं मला हे करायला लावलं. तपासणी करून, दाखला होऊन मी यासाठी जन्मले होते का?

रक्त बघून दादा थांबला. हेडर खाली टाकून तो लहान पोरासारखा रडला. "मी वाकलो असतो तर," म्हणत राहिला. "नुसतं वाकून बघितलं असतं तर." मग छिन्नीनं रिबीट तोडून त्यानं मला सोडवलं आणि धाकट्याच्या मुठीत कोंबलं. "जा. ताईला दाखव. तुझ्या तोंडानं सांग."

ताई खिडकीशी बसली होती. दार उघडलं आणि रक्तानं भिजलेला भाऊ दिसला, तशी ती सवयीनंच उठली. "कितीदा सांगितलं, काम करताना शुद्धीवर राहत जा! बस इथं. हलू नकोस." लहानपणापासून या दोघांना झालेली एकूण एक जखम तिनंच शिवली होती. तिनं डबा उघडला, जखम पुसली, सुईत दोरा घेतला. दोरा ओवायलाच चार खेपा लागल्या. सुई गालाजवळ आली आणि तिचा हात थरथरायला लागला. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तो हातही थरथरत होता. धूर डोक्यात काहीतरी मोडून गेला होता, आणि ते तिला त्या क्षणी कळलं. धाकट्यालाही कळलं. सुई फरशीवर पडली.

त्यानं मूठ उघडली आणि सगळं सांगितलं. ताईनं मला हातात घेतलं, आकडे वाचले.

"खरीच आहे की रे ही," ती म्हणाली.

"हो ताई. पट्टी खरीच आहे."

ताईनं मला औषधांच्या डब्यात ठेवलं. मग ताई म्हणाली, "इस्पितळात जा. माझ्या जागी आलीय ती मुलगी घालेल टाके. हात चांगला आहे तिचा."

तेव्हापासून मी या डब्यात आहे. मित्रांनो, मला बघून समाधान मानू नका. मी नुसते आकडे आहे, मला कुणीही उचलून कशावरही ठोकू शकतं. जरा वाका, हात काळे करा, मी कशावर बसले आहे ते बघा. एवढ्यानं कुणाचा तरी जीव वाचतो.

रोज सकाळी ताई डबा उघडते. सुई उचलते, उजेडात धरते, हात स्थिर व्हायची वाट बघते. मग सुई निसटते आणि माझ्यावर पडते. आजही पडली.