कांदळवनातलं रोप

हडपसरच्या शाळेत कमरजहांबाईंनी तीस वर्षं फळ्यावर कांदळाचं झाड काढून शिकवलं. खरं झाड मात्र निवृत्तीनंतर, पुण्याहून निघालेल्या सहलीत, मालवणजवळ कर्ली नदीतल्या होडीतून पाहिलं. ओहोटीमुळे त्याची मुळं चिखलावर उघडी पडली होती.

"वर लांब लांब लोंबतायत ना, त्या शेंगा," होडीवरचा गाईड समाधान म्हणाला.

बाईंना राहवेना. "शेंगा नव्हेत रे, रोपं आहेत ती! याचं बी झाडावरच रुजतं. रोप वाढलं की सुटतं आणि खाली चिखलात रुततं."

"चला, सहलीतही तास चुकला नाही," नारायण पेठेतले एक काका पुटपुटले.

बाई ओशाळल्या. समाधानने मात्र होडी थांबवून माइक त्यांच्या हातात दिला. "मॅडम, पुढचं तुम्हीच सांगा. मलाही शिकायचंय."

बाईंनी तोंड उघडलं, तोच एक हिरवं रोप वरून सुटलं आणि भाल्यासारखं चिखलात ताठ उभं राहिलं. अख्ख्या होडीने टाळ्या वाजवल्या.

"बाई, आणखी एक पडेल का हो?" काकांनी विचारलं. "माझा फोटो राहिला."

बाई इतक्या खळखळून हसल्या, की माइकमधून ते हसू पैलतीरापर्यंत गेलं.