दोन जिल्ह्यांचा एक हातमोजा

मित्रांनो, देवकाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दचकल्याच. "माय वं! हत्तीचं पाऊल आणलं का काय घरात?" असं त्या लेकीला म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं? मी हातमोजा आहे खरा, पण माझी बोटं वेगळी दिसत नाहीत. मी जाड, गोल आणि खोलगट आहे. बेसबॉलमध्ये पिचर चेंडू फेकतो आणि फलंदाजाच्या मागे बसलेला कॅचर तो झेलतो. त्या कॅचरच्या हातातला मी मोजा. चेंडू झेलायचा त्याने आणि मार खायचा मी.

माझा जन्म जालंधरचा. तिथल्या एका कारागिराने कातड्याचे तुकडे जुळवून, चामड्याच्या वाद्या ओवून मला घडवलं. खेळाच्या सामानाच्या पोत्यातून मी आदिलाबादला आलो, मुलींच्या एका वसतिगृहात. तिथे महिपत सर खेळ शिकवत. चेंडू अंगावर आला की बाकीच्या मुली डोळे मिटत. जैनथची रुख्मिणी, म्हणजे देवकाबाईंची लेक, मिटत नसे. म्हणून सरांनी मला तिच्या हातात घातलं. तिच्या घरी भाजीचा मळा होता. तिचा हात खरखरीत होता, पण मला तो फार आवडला.

पिचर होती मुधोळकडची तुळजा. लहानपणापासून ज्वारीवरची पाखरं गोफणीने हाकलून तिचा खांदा असा तयार झाला होता की पहिल्याच चेंडूला रुख्मिणी उताणी पडली.

"लागलं का वं?" तुळजा धावत आली.

"लागलं. अजून एक फेक!"

त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं. तुळजा फेकायची, मी 'थाप्' असा आवाज करायचो आणि रुख्मिणी खूश होऊन हसायची. सुटीत ती मला घरी न्यायची, उशाशी घेऊन झोपायची.

पुढे एका दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. जैनथ आदिलाबादमध्येच राहिलं, मुधोळ गेलं निर्मलमध्ये. टेबलं वाटली गेली, कपाटं वाटली गेली, मग खेळाच्या सामानाचीही पाळी आली. बॅटी आदिलाबादला राहिल्या आणि मी निर्मलच्या वाट्याला गेलो. तुळजाही निर्मलच्या वसतिगृहात चालली होती. बसस्टँडवर रुख्मिणीने मला तिच्या हाती दिलं खरं, पण तिची बोटं माझी वादी सोडेनात.

"याच्यात आता दुसऱ्या कोणाचा हात जाईन का वं?" तिने विचारलं.

तुळजाने मला छातीशी धरलं. बस सुटली.

निर्मलची कॅचर मुलगी चांगली होती, पण तुळजाचा चेंडू तिच्याने धरवत नसे. मी शिकस्त करायचो, तरी चेंडू निसटायचा. मोजा एकटा काय करणार? त्याला आतून हात लागतो.

तशातच बातमी आली, आशिया खंडातल्या देशांची मुलींची स्पर्धा परदेशात होणार आहे. भारताच्या संघासाठी हैदराबादला निवड चाचणी होती. तिथे मला रुख्मिणी दिसली. तिने एका साध्या, पातळ मोज्यात चिंध्या कोंबल्या होत्या. चार चेंडू झेलले आणि तिचा तळहात सुजला. इकडे तुळजाचे चेंडू कोणाला धरता येईनात, म्हणून निवडणारेही मान हलवू लागले. दोघींचीही संधी हातची जाणार, हे मला दिसत होतं.

तुळजाने मला उचललं आणि थेट रुख्मिणीकडे निघाली.

"अवं, ते आपल्या जिल्ह्याचं सामान हाय!" निर्मलचे सर ओरडले.

"सर, इथं जिल्हा कुठं हाय? देशाची टीम निवडून राह्यले ना!"

सरांनी रुख्मिणीच्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं, ने. पण परत आणून देजो."

रुख्मिणीचा सुजलेला हात आत आला तेव्हा मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी एकही चेंडू निसटला नाही. दोघींची निवड झाली.

स्पर्धेत आमची गाठ जपानशी पडली. आम्ही खूप मागे पडलो. शेवटी त्यांची एक खेळाडू वाऱ्यासारखी होमकडे, म्हणजे जिथे पोचलं की धाव मिळते त्या कॅचरसमोरच्या पाटीकडे, धावत आली. लांबून आलेला चेंडू रुख्मिणीने माझ्यात धरला आणि ती वाटेत ठाम बसली. धडक झाली. माझी वादी ताड्कन तुटली. पण मी चेंडू सोडला नाही. पंचांनी मूठ वर केली. आऊट!

सामना आम्ही हरलोच. रुख्मिणी माझी तुटलेली वादी हातात धरून रडत बसली होती. तेवढ्यात जपानची कॅचर आली. तिने वाकून नमस्कार केला, मला हातात घेतलं, तिथेच मातीत मांडी घातली आणि आपल्या पिशवीतली लाल वादी काढून माझ्यात ओवू लागली. रुख्मिणीने मराठीत विचारलं, "तुमचं नाव काय हो?" ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. दोघींना एकमेकींचं काहीच कळलं नाही, आणि दोघी खळखळून हसल्या. जिंकलो असतो तरी याहून जास्त आनंद झाला असता असं मला वाटत नाही.

परत आल्यावर हलगी वाजली, हार पडले. देवकाबाईंनी मलासुद्धा कुंकू लावलं. मग ठरल्याप्रमाणे मी निर्मलला गेलो. तिथे मला मोठ्या मानाने काचेच्या कपाटात ठेवलं. लोक यायचे, बघायचे, वाहवा करायचे. हळूहळू तेही थांबलं. हातच न लागल्याने माझं कातडं वाळलं, भेगा पडल्या. माराने मी कधी इतका खचलो नव्हतो.

काही वर्षांनी कपाट उघडलं. समोर तुळजा होती, आता मुलींची कोच झालेली. "कसा वाळला रे!" असं म्हणून तिने मला पदराने पुसलं आणि आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याच्या बसमध्ये बसली. तिथे रुख्मिणी मुलींना शिकवते. तिने मला पाहिलं. लगेच हात आत घातला आणि डोळे मिटले.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची म्हणजे कुलपात घालायची, असं समजू नका. तिला पुसा, तेल लावा, तुटलं तर सांधा, पण वापरा. आणि कधी रविवारी इचोड्याच्या मैदानावर या. दोन्ही जिल्ह्यांच्या मुली तिथे येतात आणि आळीपाळीने मला घालतात. कोणती कुठली, ते मला आतून ओळखू येत नाही. घाम सगळ्यांच्या हाताला सारखाच येतो.